घरचं बीपी मशीन: आधी पट्टा बघा, मग डबा

घरी रक्तदाब मोजायचं मशीन घ्यायला गेलं की आधी डोळ्यांत भरतो तो पडदा. मोठे आकडे, हिरवी-पिवळी-लाल पट्टी, ब्लूटूथ, आकडे बोलून दाखवणारा आवाज. यातलं काहीच रक्तदाब मोजत नाही. मोजण्याचं काम दंडाला गुंडाळायचा पट्टा करतो आणि त्याने टिपलेल्या स्पंदनांचा अर्थ आतलं एक गणित लावतं. मॉडेलं सारखी बदलत राहतात, आतली यंत्रणा मात्र बहुतेकांत तीच असते. म्हणून इथे एकाच मॉडेलला गुण न देता दंडावर बांधायच्या ऑटोमॅटिक मशीनांचा अख्खा वर्ग तपासला आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पडताळणी झालेलं (म्हणजे माणसांवर तपासून उत्तीर्ण ठरलेलं), दंडावर बांधायचं, तुमच्या दंडाच्या मापाचा पट्टा असलेलं साधं मशीन घरात जरूर असावं. मापाचा पट्टा नसलेलं महागडं मशीन मात्र नसलेलं बरं, कारण त्याचा आकडा दिसतो अगदी नेमका आणि असू शकतो वीस मिमीपर्यंत खोटा (मिमी म्हणजे मिलिमीटर पारा, रक्तदाबाचं एकक).

डब्याच्या आत काय असतं

फार काही नसतं. एक छोटी मोटर आणि पंप, हवा सोडणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, नखाएवढा दाब-संवेदक, एक चिप आणि पडदा. डॉक्टर स्टेथोस्कोपने मोजतात तेव्हा धमनीतला आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो हे ऐकतात. घरच्या मशीनला कान नसतात. पट्टा फुगून धमनी दाबली जाते, मग हवा हळूहळू सुटताना हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक पट्ट्यातला दाब किंचित हलतो. ही हालचाल आधी बारीक असते, वाढत जाते आणि पुन्हा बारीक होते. ज्या दाबाला ती सर्वांत मोठी असते तो साधारणपणे धमनीतला सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा त्या लहरींच्या चढ-उतारावरून हिशेबाने काढलेला असतो, आणि तो हिशेब प्रत्येक कंपनी स्वतःकडे झाकून ठेवते. त्यामुळे दोन चांगल्या कंपन्यांची मशीनं एकाच दंडावर पाच-सात मिमीचा फरक दाखवू शकतात. तो बिघाड नव्हे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे हात हलला, खोकला आला, बोटं चाळवली, की पट्ट्यात जादा लहरी उठतात आणि मशीनला त्या ठोक्यांपासून वेगळ्या काढाव्या लागतात. मध्येच थांबून पट्टा पुन्हा आणखी कडक फुगला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. दुसरी गोष्ट, ते गणित विशिष्ट पट्ट्यासाठी बसवलेलं असतं. एका कंपनीच्या डब्याला दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीचं टोक जुळवून लावता येतो, तसे जोड बाजारात मिळतातही. पण मग येणाऱ्या आकड्याची हमी कुणीच देत नाही.

काही मशीनं हवा सोडताना न मोजता पट्टा फुगत असतानाच मोजतात. वरचा आकडा मिळाला की पंप लगेच थांबतो, त्यामुळे दंड कमी आवळला जातो आणि वेळही वाचतो. ज्यांना पट्ट्याच्या आवळण्याचीच धास्ती वाटते (आणि त्या धास्तीनेच आकडा चढतो), त्यांच्यासाठी हा प्रकार खरोखर चांगला. पडताळणी झालेली असली म्हणजे झालं.

खोक्यावरचा ‘±३’

‘अचूकता ±३ मिमी पारा’ हे वाक्य बहुतेक खोक्यांवर छापलेलं असतं आणि जवळपास प्रत्येक ग्राहक ते चुकीचं वाचतो. हा आकडा फक्त दाब-संवेदकाचा असतो. पट्ट्यात १०० मिमी दाबाची हवा असेल तर मशीन ती ९७ ते १०३ च्या दरम्यान ओळखेल, इतकाच त्याचा अर्थ. तुमचा रक्तदाब तीन मिमीच्या आत बरोबर येईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

रक्तदाब बरोबर येतो का, हे पाहायची परीक्षा वेगळी आहे. आयएसओ ८१०६०-२ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे किमान ८५ माणसांवर मशीनची तुलना प्रशिक्षित निरीक्षकांनी स्टेथोस्कोपने घेतलेल्या नोंदींशी होते. फरकाची सरासरी ५ मिमीच्या आत आणि त्या फरकांचं प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचं माप) ८ मिमीच्या आत राहिलं तर मशीन उत्तीर्ण. यातला ८ चा आकडा नीट समजून घ्यायला हवा. सरासरी उत्तम असूनही त्या ८५ जणांतल्या काहींच्या बाबतीत मशीन दहा-बारा मिमीने चुकलेलं असू शकतं, आणि त्या काहींत तुम्हीही असू शकता. उत्तीर्ण झालेलं मशीनही एकदा तुमच्या स्वतःच्या दंडावर तपासून घ्यावं लागतं ते यासाठी. ती पद्धत शेवटी दिली आहे.

पडताळणी झालेल्या मशीनांच्या याद्या फुकट उपलब्ध आहेत: ‘स्ट्राइड बीपी’, ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटीची यादी, अमेरिकेतली ‘व्हॅलिडेटबीपी’. शोधताना कंपनीचं नाव पुरत नाही. खोक्याच्या तळाशी किंवा मशीनच्या पाठीवर छापलेला मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचा, कारण एकाच दिसणाऱ्या डब्याची दोन-तीन मॉडेलं असतात. वैद्यकीय उपकरण म्हणून विकायची परवानगी असणं आणि ही परीक्षा उत्तीर्ण होणं या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ढीगभर मशीनांकडे पहिली असते, दुसरी नसते. ‘क्लिनिकली प्रूव्हन’ या छापील शब्दांना एकट्याने काही किंमत नाही.

खरी वस्तू म्हणजे पट्टा

पट्ट्याच्या कापडाआड हवेची रबरी पिशवी असते आणि माप त्या पिशवीचं महत्त्वाचं. तिची लांबी दंडाच्या घेराच्या ७५ ते १०० टक्के आणि रुंदी ३७ ते ५० टक्के असावी लागते. पिशवी आखूड पडली की धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि मशीन ती जास्तीची हवा रक्तदाब म्हणून दाखवतं. पिशवी फार मोठी झाली की उलट, आकडा खाली येतो.

हा फरक किती, ते २०२३ साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात नीट मोजलं गेलं. १९५ प्रौढांवर योग्य मापाचा पट्टा आणि सगळ्यांना सरसकट लावला जाणारा मध्यम पट्टा यांची तुलना केली. ज्यांना मोठा पट्टा लागत होता त्यांचा वरचा आकडा मध्यम पट्ट्याने सरासरी ४.८ मिमीने जास्त आला. ज्यांना अतिमोठा लागत होता त्यांचा १९.५ मिमीने जास्त. ज्यांना लहान लागत होता त्यांचा ३.६ मिमीने कमी. एकोणीस मिमी म्हणजे १२५ चा माणूस १४४ ला जातो आणि गोळीच्या रांगेत उभा राहतो. उलट बारीक दंडाच्या माणसाचा वाढलेला रक्तदाब निसटतो. हा निसटलेला रक्तदाब जास्त वाईट, कारण त्याची कुणी चौकशीच करत नाही.

घेर मोजायचा तो असा. कोपर काटकोनात वाकवा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सैल खाली सोडून त्या खुणेवर टेप गुंडाळा. टेप त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नको. दंड फुगवून दाखवू नका. ढोबळमानाने २२ ते २६ सेंमी घेराला लहान, २७ ते ३४ ला मध्यम, ३५ ते ४४ ला मोठा आणि ४५ ते ५२ ला अतिमोठा पट्टा लागतो. कंपन्यांच्या मापांच्या सीमा थोड्या पुढे-मागे असतात, म्हणून शेवटचा शब्द पट्ट्यावर छापलेल्या सेंमीचा. बहुतेक मशीनांबरोबर २२–३२ किंवा २२–४२ सेंमीचा पट्टा येतो. २२–४२ चा लांबरुंद टप्पा ऐकायला सोयीचा असला तरी मशीन त्याच पट्ट्यासह पडताळलेलं आहे का हे यादीत बघा. दंड सीमेच्या अगदी काठावर, म्हणजे ३२-३३ वर असेल, तर मोठा पट्टा स्वतंत्र मिळतो की नाही याची चौकशी मशीन घेण्याआधी करायची. स्वस्त मशीनांची गोची इथेच होते: पट्टा एकाच मापाचा, दुसरा मिळतच नाही.

जाड दंडाची आणखी एक अडचण असते. तो वर रुंद आणि कोपराकडे निमुळता असतो. सरळ कापलेला पट्टा गुंडाळला की खालच्या कडेला पोकळी राहते, फुगताना पट्टा कोपराकडे सरकतो आणि आकडा प्रत्येक वेळी वेगळा येतो. अशांसाठी शंकूच्या आकाराचे, आतून घट्ट चौकट असलेले पट्टे मिळतात. ते महाग पडतात, पण या दंडावर तेच चालतात.

बांधायची पद्धत सगळ्यांची सारखीच. दंड उघडा, पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंमी वर, धमनीची छापील खूण दंडाच्या आतल्या बाजूला, नळी मधल्या बोटाच्या दिशेने खाली. पट्ट्याखाली बोटाचं टोक सरकावं, मूठ जाऊ नये. पट्ट्यावर एक खुणेची रेघ आणि दोन सीमारेषा छापलेल्या असतात. गुंडाळल्यावर रेघ सीमांच्या आत पडली नाही तर तो पट्टा तुमचा नव्हे. बाही वर सारून तिचा पीळ दंडावर आवळून ठेवणं हे बाहीवरून मोजण्याइतकंच वाईट. तो हात बाहीतून सरळ बाहेर काढा.

आकडा खोटा पाडणाऱ्या बाकीच्या गोष्टी

मशीनच्या नावाने होणाऱ्या तक्रारींतल्या पुष्कळ बसण्याच्या तक्रारी असतात. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, आणि दंड हृदयाच्या उंचीला येईल असा हात टेबलावर ठेवलेला. हात टेबलावर का, तर पट्टा हृदयापेक्षा खाली गेला की तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात जमा होतं, दर सेंमीला सुमारे पाऊण मिमी. २०२४ च्या एका अभ्यासात १३३ प्रौढांचा रक्तदाब तीन स्थितींत मोजला. टेबलावर टेकलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवर ठेवलेल्या हाताने वरचा आकडा ३.९ मिमीने आणि बाजूला लोंबत्या हाताने ६.५ मिमीने जास्त आला. टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात स्वतःच्या ताकदीने हवेत धरला तर स्नायू ताणले जातात आणि तेही आकडा चढवतात.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, कारण भरलेलं मूत्राशय आकडा वाढवतं. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे फोनवरही नाही. मोजताना बोलत राहिलं तर वरचा आकडा सहज दहा मिमीने चढतो, आणि नेमका त्याच वेळी घरातलं कुणीतरी ‘किती आलं?’ विचारतं.

पहिला आकडा बहुतेकांचा चढा येतो. म्हणून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. लागोपाठ न थांबता मोजलं तर आवळलेल्या हातात रक्त साचतं आणि आकडे भरकटतात. आवडता आकडा येईपर्यंत मोजत राहणं हा तर हमखास दिसणारा प्रकार. सातवा आकडा पहिल्या दोनांपेक्षा खरा नसतो.

डॉक्टरांना दाखवायची नोंद अशी ठेवा: सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. सकाळची वेळ उठल्यापासून तासाभरात, गोळी आणि न्याहारीच्या आधी. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या, उरलेल्या चोवीसांची सरासरी काढा. सात दिवस जमलं नाही तर किमान तीन. युरोपीय मार्गदर्शनानुसार घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो उच्च रक्तदाब धरतात. दवाखान्यातल्या १४०/९० ची ही घरची जोडी. २०२४ च्या युरोपीय हृदयरोग संस्थेच्या सूचनांत घरच्या १२०–१३४/७०–८४ या टप्प्याला ‘वाढलेला’ असं वेगळं नाव आहे. अमेरिकेत घरी आणि दवाखान्यात दोन्हीकडे १३०/८० धरतात. यामुळे एकाच माणसाला दोन ठिकाणी दोन निदानं ऐकू येऊ शकतात. यात मशीनचा दोष नाही.

घरी मोजण्याचा मोठा फायदा या सरासरीतच आहे. काहींचा रक्तदाब डॉक्टरांसमोरच चढतो. काहींचा तिथे छान असतो आणि घरी चढलेला. दुसरी तऱ्हा दवाखान्यात पकडली जात नाही, आणि तेवढ्यासाठीही हे मशीन वसूल होतं.

कशासाठी पैसे मोजावेत

आपोआप तीनदा मोजून सरासरी देणारी सोय घ्या. एकदा बटण दाबलं की मशीनच मिनिटभर थांबून पुन्हा मोजतं, त्यामुळे मध्ये ढवळाढवळ होत नाही. दोन जणांसाठी स्वतंत्र स्मृती घ्या, नाहीतर नवरा-बायकोचे आकडे एकाच सरासरीत मिसळतात. ब्लूटूथ घ्यायचं ते ऐटीसाठी नव्हे. वहीत उतरवताना वाईट आकडे गाळायची माणसाला सवय असते, फोनमधली नोंद गाळत नाही. मात्र मशीनच्या स्वतःच्या स्मृतीतही तारीख-वेळेसह आकडे राहायला हवेत, ॲप बंद पडली तरी.

रंगीत पट्टीवर पैसे वाया. अनेक मशीनांत लाल रंग दवाखान्याच्या १४०/९० या सीमेला लागतो. घरचे १३७/८७ तिथे निर्धास्त रंगात दिसतात. पट्टी चिकटपट्टीने झाकली तरी काही बिघडत नाही.

अनियमित ठोक्यांचं चिन्ह उपयोगी, पण मर्यादित. ठोक्यांमधलं अंतर ठरावीक प्रमाणाबाहेर हललं की ते पेटतं. हात हलला तरी पेटतं, आणि एखाद-दुसरा जादा ठोका पुष्कळ निरोगी माणसांत असतो. बसून शांतपणे तीनदा मोजल्यावरही वारंवार दिसत असेल तर ईसीजी काढावा. खास आलिंदाच्या फडफडीसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं अनियमित थरथरणं), म्हणजे एएफसाठी, बनवलेली मशीनंही आहेत. मायक्रोलाइफच्या वॉचबीपी होम ए या मशीनची शिफारस ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये याच कामासाठी केली होती. तेही निदान करत नाही, ईसीजीकडे पाठवतं.

मनगट, बोट आणि घड्याळ

मनगटावरचं मशीन छोटं आणि सोयीचं, पण मनगट हृदयाच्या उंचीला धरून ठेवायची जबाबदारी तुमच्यावर. मनगट थोडं वाकलं, पाच सेंमी खाली राहिलं, की आकडा हलतो. शिवाय तिथे दोन धमन्या हाडं आणि कंडरांच्या मधून जातात, त्या एकसारख्या दाबल्या जात नाहीत. दंडाला कुठलाच पट्टा बसत नसेल तरच हा पर्याय, तोही पडताळलेला. बोटावर लावायचं मशीन घेऊ नका.

घड्याळांत दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. ओम्रॉनच्या हार्टगाइडसारख्या घड्याळाच्या पट्ट्यात खरोखर फुगणारी पिशवी असते, ते मनगटावरचं मशीनच झालं. बाकीची घड्याळं त्वचेवर प्रकाश टाकून नाडीच्या लहरीचा आकार बघतात आणि त्यावरून रक्तदाबाचा अंदाज बांधतात. सॅमसंगच्या घड्याळाला दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे दंडाचं मशीन सुटत नाहीच. जुळवल्यानंतर आकडे त्या जुळवलेल्या आकड्याच्या आसपास घुटमळायची भीती असते, आणि गोळी बदलल्यावर रक्तदाब खरंच उतरला तर तो बदल हे घड्याळ टिपेल याची खात्री नाही. ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सोय जास्त प्रामाणिक वाटते: ती आकडा देतच नाही, तीस दिवसांची माहिती पाहून उच्च रक्तदाबाची शक्यता तेवढी सुचवते आणि पट्ट्याने मोजायला सांगते. विनापट्टा मशीनांची निदानासाठी किंवा गोळीचं प्रमाण ठरवायला शिफारस २०२४ च्या युरोपीय सूचनांत नाही.

कोणाच्या बाबतीत मशीन अडखळतं

एएफ असेल तर प्रत्येक ठोका वेगळ्या जोराचा असतो आणि लहरींचा तो नेमस्त चढ-उतार तयारच होत नाही. एका आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक वेळी किमान तीनदा मोजून सरासरी घ्या. हात कापत असेल, पार्किन्सनसारखा आजार असेल, तर वारंवार एरर येतो. अशा वेळी स्टेथोस्कोपच बरा.

गरोदरपणात वेगळी पडताळणी लागते. विशेषतः प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकादायक आजार) काही मशीनं आकडा कमी दाखवतात, आणि धोका तर तेव्हाच असतो. यादीत ‘गरोदरपण’ अशी स्वतंत्र नोंद असलेलंच मशीन घ्या. ४२ सेंमीवरचा दंड आणि तीन वर्षांखालची मुलं यांनाही सर्वसाधारण पडताळणी लागू होत नाही. डायलिसिसची फिस्टुला (त्यासाठी शस्त्रक्रियेने केलेला शीर-धमनीचा जोड) असलेल्या हातावर पट्टा बांधायचा नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर दुसरा हात वापरा.

सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजा. फरक सतत दहा मिमीपेक्षा जास्त असेल तर ज्या हाताचा आकडा चढा तो कायम वापरायचा. पंधराच्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवायचा. उठल्यावर चक्कर येत असेल तर आधी बसून, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर ते डॉक्टरांना कळायला हवं, विशेषतः नवी गोळी सुरू झालेली असताना.

आकडा १८०/१२० किंवा वर आला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची अशक्तता, बोलताना अडखळणं, दिसण्यात फरक यातलं काही बरोबर असेल तर पुन्हा मोजत न बसता थेट इस्पितळ गाठा. लक्षण काहीच नसेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, आणि मनाने जादा गोळी घेऊ नका, कारण एकदम उतरलेला रक्तदाब मेंदूला रक्त कमी पाडू शकतो.

काय बिघडतं

डबा क्वचित. बिघडतात नळी, पट्टा आणि बॅटरी, बहुधा याच क्रमाने. नळी डब्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवायची सवय असते. टोकाशी ती घडी पडून चिरते आणि हवा झिरपते. मग पंप चालूच राहतो, दाब चढत नाही आणि एरर येतो. नळी सैल वेटोळं करून ठेवा. एरर आला तर आधी नळीचं टोक काढून पुन्हा नीट दाबून बसवा. पट्टा सैल बांधला गेला असेल तरी तोच एरर दिसतो, म्हणून दुसरी तपासणी बांधणीची. दोन्ही ठीक असूनही दाब चढत नसेल तर पिशवी फुटली असं समजा आणि त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा पट्टा मागवा.

वेल्क्रोत धागे आणि केस अडकले की फुगताना पट्टा करकर आवाज करत सुटतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा. पट्टा ओलसर फडक्याने पुसायचा, पाण्यात बुडवायचा नाही, कारण बऱ्याच पट्ट्यांतली पिशवी बाहेर निघत नाही आणि नळीतून आत गेलेलं पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं.

चार अल्कलाइन सेल म्हणजे सहा व्होल्ट. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८. त्यामुळे पूर्ण चार्ज असतानाही काही मशीनं बॅटरी संपल्याचं चिन्ह दाखवतात. सेल उतरले की पंप कण्हत फुगवतो आणि मोजणी लांबते. ॲडॉप्टर असेल तर कंपनीचाच वापरा. महिनोन्‌महिने मशीन पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, गळलेला सेल आतले संपर्क खातो. सेल बदलल्यावर घड्याळ बहुधा शून्यावर जातं. तारीख पुन्हा लावली नाही तर सकाळ-संध्याकाळच्या सरासरीचा बोऱ्या वाजतो.

आपल्या दंडावर तपासून घेणं

मशीन घेतल्यावर एकदा, आणि पुढे वर्षातून एकदा, ते डॉक्टरांकडे घेऊन जा. एकाच हातावर, प्रत्येक दोन मोजण्यांत मिनिटभर थांबून, पाच आकडे घ्यायचे: आधी दोनदा तुमचं मशीन, मग डॉक्टरांचं, मग पुन्हा तुमचं, शेवटी डॉक्टरांचं. चौथ्या आकड्याची तुलना तिसऱ्या आणि पाचव्याच्या सरासरीशी करा. वरच्या आकड्यातला फरक पाचपर्यंत असेल तर मशीन तुमच्यासाठी योग्य. सहा ते दहा असेल तर सगळं पुन्हा एकदा. दहाच्या वर असेल तर आधी पट्टा बदलून बघा, तरीही तसाच राहिला तर मशीन बदला. डॉक्टरांचं उपकरण कुठलं, हेही विचारायला हरकत नाही. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारामुळे पाऱ्याची यंत्रं मागे पडली आहेत, आणि गोल तबकडीचं यंत्र एकदा टेबलावरून पडलं की चुकीचा दाब दाखवत राहतं, बाहेरून मात्र कळत नाही. तबकडीचा काटा पट्ट्यात हवा नसताना शून्यावर नसेल तर त्याच्याशी तुलना करून उपयोग नाही.

मशीन पडलं, ओलं झालं, किंवा सेल गळून संपर्क साफ करावे लागले, तर वर्ष पुरं व्हायची वाट न पाहता ही तपासणी करा. कंपनीने पट्टे पुरवणं बंद केलं असेल तर डबा चालू असूनही मशीन निवृत्त करायचं.